फीतवाली बाई

भागीरथाबाई गावंडे हे नाव घेतलं तर सावळदऱ्याबाहेर कोणी मान वर करणार नाही. पण ‘फीतवाली बाई’ म्हटलं की यवतमाळच्या बसस्टँडवर पेपर वाचत बसलेला माणूससुद्धा पेपर खाली करतो. “ती? ती आपल्याकडचीच आहे?” असं विचारतो, दोन बोटं कात्रीसारखी करून हवेत काहीतरी कापतो आणि हसतो. हे हसणं भागीरथाबाईने अर्धंअधिक आयुष्य पाहिलं. आधी तिला ते बरं वाटायचं. मग अंगवळणी पडलं. आणि गेल्या दोन वर्षांत त्याचा असा वीट आला, की कोणी बोटांची कात्री केली की तिच्या कपाळाची शीर उडायला लागते.

त्याचं असं झालं. तिचा मुलगा पिंटू तेव्हा कडेवर होता. वैशाख चालू होता. गावात मुंबईहून सिनेमावाले आले. सिनेमा विनोदी, नाव ‘कापा हो फीत’. एक मंत्री गावोगाव फिरतो आणि जे बांधलंच नाही त्याची उद्घाटनं करत सुटतो, अशी गोष्ट. शाळा नसते, फीत असते. दवाखाना नसतो, फीत असते. सावळदरा त्यांनी निवडलं, कारण या गावाला खरोखरच रस्ता नव्हता. पळसांच्या मधून बैलगाडीची चाकोरी जायची, आणि पावसाळ्यात तीही नाल्यात गडप व्हायची. दिग्दर्शकाला म्हणे ती जागा पाहून फार आनंद झाला.

मंत्र्याला भर सभेत प्रश्न विचारायला एक नटी आणली होती. तिला इथलं ऊन झेपलं नाही. दुपारीच ती ओला रुमाल डोक्यावर घेऊन आडवी झाली. मग दिग्दर्शकाने गर्दीत नजर फिरवली. भागीरथा पुढेच उभी होती, शेजारणीकडून मागून आणलेलं कोरं लुगडं नेसून. “ही चालेल,” तो म्हणाला, “फक्त घरचं जुनं काहीतरी नेसून या म्हणावं.” एवढी हौसेने नटून आलेली बाई हिरमुसली होऊन घरी गेली आणि निंदणाला नेसायचं लुगडं नेसून परत आली.

वाक्य एकच होतं. “साहेब, रस्ता कोठे आहे?” भागीरथाच्या तोंडात ते काही केल्या बसेना. शेवटी दिग्दर्शक कंटाळला आणि म्हणाला, तुमच्या भाषेत बोला. तेव्हा कडेवरचं पोर सावरत ती म्हणाली, “साहेब, फीत तं कापली, पन रस्ता कुठी हाय?”

मंत्र्याचं काम करणारा नट मोठा कसबी. त्याने फितीखाली वाकून पाहिलं, खुर्चीखाली पाहिलं, धोतराचा सोगा उचलून पाहिलं, आणि शेवटी मागे वळून आपल्या सेक्रेटरीला विचारलं, “काय हो, रस्ता आणला नाहीत का?” तिथे उभे असलेले सिनेमावालेच हसून लोळले.

आता यातली खरी गोष्ट भागीरथाबाईने नवऱ्याशिवाय कोणाला सांगितलेली नाही. तिने ते वाक्य नाटक म्हणून म्हटलंच नव्हतं. समोरचा माणूस मंत्री नाही, नट आहे, हे तिला कळत होतं. पण एवढ्या गाड्या, एवढी मोठी माणसं गावात आली आहेत, यातला कोणीतरी कोणाला तरी सांगेल, असं तिला वाटलं होतं. तिने मनापासून विचारलं होतं. म्हणूनच ते एवढं साधलं असावं.

परक्या माणसांसमोर तोंड उघडलं म्हणून सासूने बरेच दिवस तिच्याशी अबोला धरला. यवतमाळच्या टॉकीजला सिनेमा लागला तेव्हा अख्खं गाव ट्रॅक्टरने गेलं. शेवटी पडद्यावर नावं आली, त्यात भागीरथा कुठेच नव्हती. अगदी तळाशी ‘आणि समस्त ग्रामस्थ’ असं आलं. त्या ‘समस्त’मध्येच काय ती आली.

सिनेमा मात्र म्हातारा झाला नाही. आधी टीव्हीवर लागायचा, आता मोबाइलवर त्याचे तुकडे फिरतात. महाराष्ट्रात कुठेही रस्त्याला खड्डा पडला की त्या खड्ड्याच्या फोटोवर भागीरथेचा आवाज चढवतात. तरण्या भागीरथेचा, पोर कडेवर घेतलेल्या भागीरथेचा. पिंटू आता तालुक्याला एका मोबाइलच्या दुकानात कामाला आहे, आणि गिऱ्हाइकाला तो तुकडा दाखवून सांगतो, “हे माय आमची. अन् कडेवर कोन हाय, वयखा!”

मधल्या काळात सावळदऱ्याला रस्ता आला. खडीचा आला, वाहून गेला. पुन्हा आला. एसटी सुरू झाली, आणि भागीरथाबाईचं आयुष्य त्या एसटीवर बसलं. घरामागच्या तुकड्यात ती वांगी, मिरच्या आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावते आणि टोपलं घेऊन तालुक्याच्या आठवडी बाजारात बसते. नवरा सदाशिवराव कापसाचं, तुरीचं पाहतो. भाजी तिची, बाजार तिचा, आणि बाजारातली बसायची जागाही तिच्या नावाने ओळखली जाते.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्या रस्त्यावर डांबर पडलं. काम गुणवंतभाऊंच्या साळ्याचं. गुणवंतभाऊ म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. निवडणूक आली की उभे राहतात, नसली की ज्याला उभं करायचं त्याला उभं करतात. साळ्याने डांबर टाकलं ते मातीवरच टाकलं, खाली धड मुरूमही दाबला नाही. पहिला पाऊस पडला आणि डांबराचे पापुद्रे सुटले. पावसाळा संपेपर्यंत असे खड्डे झाले की एसटीच्या ड्रायव्हरने एकदा गाडी फसवल्यावर हात जोडले. बस बंद झाली.

घरात मोटारसायकल एक. तिच्यावर पिंटू कामाला जाताना सुरभीला शाळेत सोडतो. सुरभी त्याची मुलगी, नववीत. मागे टोपलं बांधून पाहिलं, तर पहिल्याच खड्ड्यात दोर तुटला आणि वांगी गडगडत नाल्यात गेली. तेव्हापासून भागीरथाबाई टोपलं डोक्यावर घेऊन हमरस्त्यापर्यंत पायी जाते. सोबतीला जवळच्या बंजारा तांड्यावरची रुपीबाई असते. तीही भाजीच विकते. दोघींचे गुडघे सारखेच दुखतात, त्यामुळे चाल जमते.

असंच चालता चालता एक दिवस तिच्या डोक्यात आलं की आपण जाऊन सांगावं. ज्या साहेबाकडे रस्त्याचं काम असतं त्याच्याकडे. सरपंचाला सांगून झालं होतं, ग्रामसभेत ओरडून झालं होतं. ती बाजारातून तशीच त्या कचेरीत गेली.

साहेब तरुण होता. रजत नाव, माणूस गोड. “बोला आजी, कोणाला भेटायचंय?” तो म्हणाला.

“तुमालेच. मी सावळदऱ्याची. आमच्या रस्त्याचं…”

“सावळदरा?” साहेबाने पेन खाली ठेवलं. तिच्याकडे निरखून पाहिलं. मग खुर्ची मागे सारून उभाच राहिला. “एक मिनिट. तुम्ही त्या… फीतवाली बाई! अर्पिता मॅडम, इकडे या, पाहा कोण आलंय!”

अर्पिता मॅडम आल्या, शिपाई आला, बाजूच्या खोलीतले दोघे-तिघे आले. साहेब सांगत होता, लहानपणी सुट्टीत आम्ही हा सिनेमा पाठ केला होता, माझे बाबा मंत्री व्हायचे आणि मी सेक्रेटरी. मग लाडात येऊन म्हणाला, “आजी, एकदाच. आमच्यासाठी.”

भागीरथाबाईने विचार केला, म्हणून टाकू, म्हणजे मग मोकळेपणी ऐकतील. तिने म्हटलं. सगळे हसले. अर्पिता मॅडमनी डोळे टिपले. चहा आला, सोबत बिस्किटं आली. फोटो झाले. जाताना साहेब स्वतः पायऱ्यांपर्यंत आला आणि तिचा हात धरून म्हणाला, “काय लिहिलंय हो त्या काळी! आज इतकी वर्षं झाली, काही म्हणजे काही बदललं नाही बघा.”

“नाई न बदललं,” भागीरथाबाई म्हणाली.

परतताना काळीपिवळी जीपमध्ये बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की रस्त्याचं कोणी विचारलंच नाही. तिनेही सांगितलं नाही. आणि वाईट असं, की रागवायला जागा नव्हती. कोणी हाकललं असतं, उद्या या म्हटलं असतं, तर चार शिव्या तरी घातल्या असत्या. यांनी चहा पाजला होता.

“काय म्हन्ले साहेब?” सदाशिवरावाने विचारलं.

“चहा देल्ला.”

“अन् रस्त्याचं?”

“त्याईले रस्ता कायले पाह्यजे?” तिने टोपलं कोपऱ्यात आदळलं. “त्याईले मी पाह्यजे होती.”

पुढच्या बाजारी ती पुन्हा गेली. या वेळी मनाशी ठरवून, की ते वाक्य काढायचं नाही. साहेबाने हसून नमस्कार केला. तिने सरळ मुद्दा धरला. तो म्हणाला, “आजी, सावळदऱ्याचा रस्ता झालाय ना मागच्या वर्षी?”

“झाला. पन राह्यला नाई.”

झालं. पुन्हा हशा. शिपायाने टाळी दिली. “वा आजी, नवीन डायलॉग!”

तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली. आपण काहीही बोललो तरी ते सिनेमातलंच होतंय. तिची जीभच जणू त्या लोकांनी घेऊन ठेवली होती.

यानंतर काही दिवसांनी गुणवंतभाऊ स्वतः घरी आले. पांढरी गाडी नाल्यापलीकडेच ठेवावी लागली. भाऊ पँट वर धरून, खड्डे चुकवत चालत आले, आणि ओट्यावर बसून आधी भागीरथाबाईच्या पाया पडले. भाऊ आवाज चढवून कधी बोलत नाहीत. सगळ्या बायांना माय म्हणतात.

“माय,” ते म्हणाले, “तुमचा सिनेमा मी किती वेळा पाह्यला असन, गिनती नाई. आमच्यासारख्याइचीच उतरवली हाय त्याच्यात, पन काय उतरवली! मी आजबी पोट धरून हासतो.”

भागीरथाबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. सिनेमा ज्याच्या वर्मी लागायला हवा, तोच हसत होता. तिला वाटायचं, ही मोठी माणसं तो सिनेमा पाहून मनातल्या मनात जळत असतील. इथे तर यांच्या घरी त्याची पारायणं होत होती.

भाऊंचं म्हणणं असं होतं. रस्ता पुन्हा मंजूर झाला आहे. त्याच जागी, नव्याने. कार्यक्रम घ्यायचा आहे. माय स्टेजवर पाहिजेत. भाऊ फीत कापतील, माय विचारतील, “फीत तं कापली, पन रस्ता कुठी हाय?” आणि भाऊ म्हणतील, “हा पाहा, आजपासून सुरू!” सिनेमात जे झालं नाही ते आपण करून दाखवू.

“हो म्हन माय,” पिंटू कानाशी लागला. “एवढा मोठा मानूस घरी आला. कामच होऊन जाईन.”

“काम कोन करन?” तिने विचारलं. “तुमचाच साळा?”

भाऊ मनमोकळं हसले. “तोच. चुकला तो मांगच्या बारीले. आता त्याच्या डोक्यावर मी बसतो.”

“आंधी बस चालू करा. मंग येतो मी.”

“उद्यापासून, माय.”

आणि खरोखर दुसऱ्या दिवशी एसटी आली. खड्ड्यांत माती लोटली होती. ड्रायव्हर तोंडातल्या तोंडात शिव्या देत होता, पण आला. भागीरथाबाई आणि रुपीबाई पुढच्या सीटवर टोपली पायाशी घेऊन बसल्या. भागीरथाबाईला वाटलं, चला, या फितीचा आयुष्यात एकदा तरी उपयोग झाला.

कार्यक्रमाच्या दिवशी नाल्याजवळ मांडव पडला. डीजे आला. त्या फुटक्या रस्त्यावर आडवी लाल फीत बांधली. शेजारच्या गावांतून माणसं आली, ती भाऊंसाठी कमी आणि फीतवालीसाठी जास्त. प्रत्येकाच्या हातात मोबाइल वर धरलेला. सुरभीच्या शाळेतल्या पोरी रांगेत बसल्या होत्या. मांडवाच्या कडेला रुपीबाई उभी होती. तिला त्याच दिवशी बाजारात जायचं होतं, पण मांडवाने वाट अडवली होती.

भाऊंनी फीत कापली. टाळ्या झाल्या. माईक भागीरथाबाईच्या हातात आला.

ती उभी राहिली तेव्हा तिला काय बोलायचं ते माहीत होतं. म्हणजे जे ठरलं होतं ते माहीत होतं. पण फितीच्या पलीकडे तिला तो रस्ता दिसत होता, उकललेला, मधूनच पांढरी माती वर आलेला. ती म्हणाली, “मी आज थे सिनेमातलं बोलत नाई.”

मांडव हसला.

“हासू नका. हा रस्ता मांगच्या साली झाला. भाऊच्या साळ्यानं केला. खाली मुरूम नाई, काई नाई. मातीवर डांबर सारवलं, अंगन सारवावं तसं.”

हसणं वाढलं. पाठीमागून कोणीतरी शिट्टी मारली. तिला वाटलं आवाज पोचत नाही. ती स्टेजवरून खाली उतरली, फितीच्या तुकड्यावरून पुढे गेली, वाकली आणि बोटं घालून डांबराचा एक पापुद्रा उचलला. पोळीएवढा तुकडा सहज निघून आला. तो तिने वर धरला. “हे पाहा! पोयीसारखा निंगते! याच्यावरून एसटी कशी येईन?” आणि तो तुकडा तिने नेऊन भाऊंच्या हातात ठेवला.

भाऊंच्या तोंडावरचं हसू पळभर उतरलं. फक्त पळभर. मग त्यांनी तो तुकडा या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला, झब्ब्याची कड उचलून खाली पाहिलं, आणि मागे उभ्या असलेल्या साळ्याकडे वळून मोठ्याने विचारलं, “काय हो, रस्ता आणला नाहीत का?”

मांडव फुटायचा राहिला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. भागीरथाबाईचा आवाज चिरकला. “मी खरं बोलून राह्यली! लोकहो, हे खरं हाय!” तशी टाळ्यांचा आणखी कडकडाट झाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तर कोणीतरी म्हणालं, “काय ॲक्टिंग हाय बुढीची!” एका कार्यकर्त्याने अलगद माईक काढून घेतला, दुसऱ्याने अंगावर शाल घातली आणि हातात नारळ दिला.

तिने पोरींच्या रांगेकडे पाहिलं. सुरभीही तोंडावर हात धरून हसत होती. मांडवाच्या कडेला रुपीबाई तेवढी हसत नव्हती. टोपल्याला हात लावून नुसती उभी होती.

दुसऱ्या दिवशी बस आली नाही. त्यानंतरही नाही.

त्या कार्यक्रमाचा तुकडा मात्र मोबाइलवर आला आणि जुन्या सिनेमाच्याही पुढे गेला. कोणी लिहिलं, ‘वय झालं पण टायमिंग तेच.’ कोणी भाऊंचं कौतुक केलं, स्वतःवर हसू शकणारा नेता म्हणून. एका चॅनेलवाल्याचा फोन आला, मुलाखत देता का. पिंटू दुकानातून आला तो नाचतच.

“माय, लाखो लोकाईनं पाह्यलं!”

“पाह्यलं असन,” ती म्हणाली. “आईकलं का कोनं?”

“आता तुह्यासंगं कोन बोलन! एवढं नाव झालं, अन् तू तोंड पाडून बसली.”

“मंग नाव नेऊन टाक त्या खड्ड्यात. तेवढा त भरन.”

ती दोन बाजार गेलीच नाही. वांगी झाडावरच पिवळी पडली. सदाशिवराव समजूत काढायला आला तर त्याच्यावरही खेकसली. तो बिचारा उठून गोठ्यात गेला. खरं तर तिला स्वतःवरच राग येत होता. तरण्या वयात कळलं नव्हतं, ठीक. पण आता, केस पिकल्यावर, पुन्हा त्याच फितीपाशी जाऊन आपण उभ्या राहिलो.

संध्याकाळी सुरभी तेलाची शिशी घेऊन जवळ येऊन बसली. म्हणाली, “आजी, सगळे हासले म्हून मीबी हासली. मले वाटलं तसंच ठरलं हाय.”

भागीरथाबाईने नातीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि तेल लावून, नेहमीपेक्षा जरा जास्तच घट्ट, वेणी घातली.

रस्त्याचं काम सुरू झालं, हेही सांगायला हवं. हमरस्त्याकडून सुरू झालं. खडी पडली, रोलर फिरला, डांबर बरं पडलं. गावात लोक म्हणू लागले, पाहा, बाईच्या बोलण्याने झालं. काम अर्ध्या वाटेपर्यंत आलं, जिथे भाऊंच्या पुतण्याचा नवा पेट्रोल पंप होतो आहे. तिथे थांबलं. रोलर दुसरीकडे गेला. पुढचं पुढच्या टप्प्यात, असं कळलं. एसटी आता पंपापर्यंत येते आणि तिथून वळते. तिथून सावळदरा पायी, आणि रुपीबाईचा तांडा त्याच्याही पुढे.

तिसऱ्या बाजारी रुपीबाई दारात येऊन उभी राहिली. “चाल,” म्हणाली, “बाजारात तुह्या जाग्यावर दुसरी बसून राह्यली.” तेवढ्याने भागीरथाबाई उठली.

वाटेत तिने विचारलं, “रुपीबाई, त्या दिशी तू काहून नाई हासली?”

“ए याडी!” रुपीबाई तांड्याच्या बोलीत ‘अगं माय’ म्हणाली. “त्या रस्त्यानं मले रोज टोपलं घेऊन जा लागते. मी कायची हासू?” थोडं चालून पुन्हा म्हणाली, “अन् तुहा सिनेमा मी पाह्यलाच नाई. तवा तांड्यावर टीव्ही नव्हता. मंग टीव्ही आला त पोट्टे दुसरंच पाहेत.”

भागीरथाबाई वाटेतच थांबली. इतक्या वर्षांत तिला सिनेमा न पाहिलेला माणूस भेटला नव्हता, आणि तो रोज तिच्याबरोबर चालत होता. तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

बाजार उरकल्यावर ती म्हणाली, “कचेरीत जाऊ एक डाव. तू चाल संगं.”

रजत साहेबाची बदली झाली होती. त्याच्या जागी समीक्षा मॅडम आल्या होत्या, नाशिककडच्या. टेबलावरून मान वर करून त्यांनी भागीरथाबाईकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला बारीक आठी पडली. “तुम्हाला कुठेतरी पाहिलंय मी. तो सिनेमा… तुम्ही त्या बाई ना, फीत…”

“थे बाई मेली, मॅडम,” भागीरथाबाई म्हणाली. तिने हे ठरवून आणलं नव्हतं. तोंडातून गेलं. “मी तिची लहान बहीन.”

रुपीबाईने टोपल्यात खाली पाहिलं.

“अरेरे,” मॅडम म्हणाल्या. चेहऱ्यावरचं हसू त्यांनी आवरलं. “फार छान काम होतं हो त्यांचं. बरं, बसा. तुमचं काम काय आहे?”

भागीरथाबाई बसली. पहिल्या वाक्याला तिचा आवाज लागेना, इतकं तिला ते नवीन होतं. मग तिने सगळं सांगितलं. मुरूम, पापुद्रे, बस, पंप, पुढचा टप्पा. मॅडमनी मध्ये दोनदा विचारलं, नीट विचारलं. हसल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, “मी येऊन बघते.”

आणि त्या आल्या. गाडी पंपाशी ठेवून शेवटपर्यंत चालल्या, फोटो घेतले, चपलेने पापुद्रा उलटून पाहिला, ओठ आवळले. चहाला थांबल्या नाहीत. “वर कळवते,” म्हणाल्या. “पंधरवड्याने येऊन विचारा.”

त्या संध्याकाळी भागीरथाबाईने सदाशिवरावाला सांगितलं, “मी मेली म्हून सांगतलं मी.”

“कोनाले?”

“साहेबीनबाईले. तवा कुठी तिनं इचारलं, तुमचं काम काय हाय म्हून.”

सदाशिवराव सुपारी कातरत होता. “मंग आता मेलेलीच राह्य,” म्हणाला.

पिंटूला हे आवडलं नाही. दुकानात गिऱ्हाइकं अजून विचारतात, तुझी माय कशी आहे. तो ठीक आहे म्हणतो.

पंधरवड्याने दोघी कचेरीत गेल्या. मॅडम मीटिंगला जिल्ह्याला गेल्या होत्या. पुढच्या वेळी गेल्या तेव्हा मॅडम होत्या, पण म्हणाल्या की वरून उत्तर आलेलं नाही, आणि हे सांगताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या आवाजात पहिल्या दिवसासारखा जोर नव्हता. कोणीतरी काहीतरी बोललं असावं. भागीरथाबाईला ते कळलं. या वयात तेवढं कळतं. रागाने तिचे कान तापले. पण निदान हा राग सरळ होता, रस्त्यावरचा होता. त्यावर चहा ओतलेला नव्हता.

काल त्या पुन्हा गेल्या. शिपाई म्हणाला, मॅडम साइटवर आहेत, केव्हा येतील सांगता येत नाही, उद्या या.

“उद्या कायले?” भागीरथाबाई म्हणाली. “आम्ही इथीच हावो.”

व्हरांड्यात बाक होता. त्यावर दोघी बसल्या, टोपली पायाशी ठेवली. रुपीबाईने फडक्यातली भाकर सोडली, मिरचीचा ठेचा काढला, आणि अर्धी भाकर मोडून तिच्या हातात दिली.

“येईन का थे?” रुपीबाईने विचारलं.

“येईन नाई त जाईन कुठी,” भागीरथाबाई म्हणाली आणि पाय वर घेऊन नीट बसली.